नदीच्या वाटाघाटीला पहिल्यांदा बसताना

पहिल्याच बैठकीत "आमच्या वाट्याला पाणी किती?" असं विचारू नकोस. आधी दोन्ही बाजूंच्या मोजणीचे आकडे एकाच तक्त्यात आण. कुठे मोजलं, कोणी मोजलं, कधी मोजलं यावर महिने जातात. जाऊ देत.

मसुद्यात डोळ्यांत तेल घालून बघायचे ते कोरडे महिने. १९९६ चा गंगा करार काढून वाच. १ जानेवारी ते ३१ मे, दर दहा दिवसांचा हिशोब. फराक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्याला, प्रवाह ७०,००० क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी) किंवा कमी असेल, तर भारत आणि बांगलादेश निम्मं-निम्मं. शिवाय ११ मार्च ते १० मे या काळात आलटून पालटून, दहा दिवस एकाला तर पुढचे दहा दुसऱ्याला, ३५,००० क्युसेकची हमी. वाचायला रुक्ष आहे खरं, पण भांडण तिथेच पेटतं. आणि प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर? दोन्ही सरकारांनी तातडीने चर्चा करायची, एवढंच. आकडा नाही! अशा जागांवर खूण करून ठेव.

पाण्यावर गाडं अडलं तर फायद्याकडे वळ. कोलंबिया नदीवर कॅनडाने वरच्या अंगाला धरणं बांधली; त्यामुळे खाली अमेरिकेत जी जादा वीज मिळणार होती, तिचा निम्मा वाटा १९६१ च्या करारात कॅनडाचा ठरला. पाण्याऐवजी वीज वाटली.

मध्यस्थ रिकाम्या हाताचा नको. १९६० च्या सिंधू करारात जागतिक बँकेचं ऐकलं गेलं, ते ती पैसा उभा करू शकत होती म्हणूनही, असं माझं मत.

हो, आणि दुभाषा आपला ने. "वाजवी वापर" या दोन शब्दांवर अख्खी दुपार गेलेली मी पाहिलीय.