खिडकीत ऊन किती तास येईल?

प्रश्न : नवं घर बघतोय. हॉलची खिडकी दक्षिणेला, समोर इमारत. डिसेंबरात ऊन येईल का, हे आत्ता मे महिन्यात कसं ओळखायचं?

उत्तर : मे महिन्यातल्या उन्हावरून अजिबात ठरवू नका. आधी दिशा तपासा. लोखंडी ग्रिलजवळ मोबाइलचं होकायंत्र हमखास चुकतं, म्हणून ग्रिलपासून दोन-तीन मीटर लांब उभं राहून बघा. उत्तर गोलार्धात २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असतो, तर ९० वजा अक्षांश वजा २३.५. अक्षांश २० असेल तर ४६.५.

आता डोळे खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला आणा, हात सरळ ताणा आणि डोळ्यांच्या पातळीपासून समोरच्या गच्चीपर्यंत मुठीवर मूठ ठेवत मोजा. एक मूठ साधारण १० अंश. पाच मुठी भरल्या तर त्या दिवसांत दुपारचं ऊन चौकटीच्या तळाशी पोचणार नाही. मोजणी डाव्या-उजव्या बाजूलाही करा. इमारतींमधल्या फटीतून तासभर ऊन मिळू शकतं, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. गच्चीवरची पाण्याची टाकीही मोजा, ती बहुतेक जण विसरतात.

याच अक्षांशावर जूनमध्ये मात्र मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकतो, दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही.