जाऊबाईंचा फ्लॅट पाहिल्यापासून

प्रश्न : आम्ही रामबागेत सासऱ्यांनी बांधलेल्या घरात राहतो. पुढे ओटा, वर गच्ची. दिरांनी बायपासजवळच्या टाउनशिपमध्ये फ्लॅट घेतला. त्याच्या वास्तुशांतीहून आल्यापासून मला स्वतःच्याच घराचा वीट आलाय. भिंतींचे पोपडे, न्हाणीघराची उंच पायरी, अंधारं स्वयंपाकघर! सासूबाई ८२ वर्षांच्या. त्या म्हणतात, आहे त्यात समाधान मानावं. लेक म्हणते, रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिही. लिहिते, पण मन मानत नाही. हे रिटायर झालेत, नवं घर परवडणारं नाही. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आधी त्या पायरीचं बघा. ८२ वर्षांच्या बाईला दिवसातून कितीदा तरी ती चढावी-उतरावी लागते. तिथे समाधान मानायचं काहीच कारण नाही, सासूबाई स्वतः म्हणाल्या तरीही. मिस्त्रीकडून एका उंच पायरीच्या दोन बुटक्या करून घ्या, भिंतीत धरायला दांडा बसवा, आतली फरशी खरबरीत घाला. पोपड्यांसाठी रंगारी बोलावण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. गच्ची गळत असेल किंवा पन्हाळ तुंबली असेल, तर कितीही भारी रंग दिलात तरी एका पावसाळ्यात पुन्हा सुटेल.

फ्लॅटची ओढ मात्र वेगळी. वास्तुशांतीला जाईपर्यंत ती तुमच्या मनात नव्हती, असं पत्रावरून दिसतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांना तीन मानसशास्त्रज्ञांनी गाठलं आणि त्याच भागातल्या, लॉटरी न लागलेल्या लोकांशी त्यांची तुलना केली. हा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. पैसेवाले फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट सकाळची न्याहारी, मित्राशी गप्पा, मासिक वाचणं, असल्या रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी गोडी वाटत होती. माणसं थोडी होती, त्यामुळे यावरून मी मोठा सिद्धांत मांडणार नाही. पण न्याहारीची गोष्ट मला फार पटते. मोठं काही डोळ्यांत भरलं, की जिरावण भुरभुरलेले आपले गरम पोहेसुद्धा नुसते पोटात जातात.

वहीत मन लागत नसेल तर ती सध्या ठेवून द्या. लेकीला वाईट वाटणार नाही. त्याऐवजी गच्चीवर जा. अख्ख्या पत्रात तिचा उल्लेख एकदाच आलाय. तिच्यावर आज काय आहे? बहुतेक घरांत असतं तेच असणार : गंजलेला कूलर, फुटकी पिंपं, पाय मोडलेला पलंग. सगळं भंगारवाल्याला देऊन टाका. माळव्याची रात्र उगाच नावाजलेली नाही, दिवस कितीही तापला तरी उशिरा वारा सुटतोच. संध्याकाळी पाणी शिंपडा, सतरंजी टाका, पुढची भिशी तिथेच करा. जी जागा अडगळीखाली गेलीय तिच्याबद्दल समाधान वाटावं तरी कसं? आपल्याकडे काय आहे ते मोजून मन भरत नाही. ते वापरावं लागतं, त्यावर हात फिरवावा लागतो. गरिबांकडे बघून समाधान माना, असा सल्ला लोक देतात. तो मला मुळीच आवडत नाही. दुसऱ्याची अडचण ही काही आपल्या सुखाची सोय नव्हे.

जाऊबाईंना त्यांचं घर छान झालंय हे मोकळेपणाने सांगा आणि त्यांनाही भिशीला बोलवा. आणि यजमानांशी खर्चाचं बोला. पेन्शनीत आहेत म्हणून तुम्ही विषयच काढला नसावा, असं वाटतं. न्हाणीघर आधी, मग गच्चीची गळती, स्वयंपाकघराला खिडकी किंवा छताला उजेडाची काच जमेल तेव्हा. जूनच्या उत्तरार्धात आपल्याकडे पाऊस लागतो, म्हणून गच्चीचं काम अक्षय्य तृतीयेच्या सुमारास काढा.