सही करू की नको? बाबा गेल्यावर समोर आलेला एक कागद

"बाबा जाऊन महिना पण झाला नाही आणि दादा कागदावर सही मागतोय, केली तर हक्क जाईल, नाही केली तर माहेर तुटेल, मी काय करू?" हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या वेळा ऐकलंय की विचारणाऱ्या प्रत्येकीला वाटतं आपल्याच घरात असं घडतंय, तर तसं अजिबात नाहीये. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती आली तेव्हा हातात एक प्लास्टिकची फाईल होती आणि त्यात स्टॅम्प पेपरवर टाईप केलेलं हक्कसोड पत्र, म्हणजे वारशातला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. सही जिथे करायची तिथे पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या, तीन पानांवर मिळून पाच. दादाने म्हणे प्रेमानेच सांगितलं होतं की तू वाचत बसू नकोस, फुल्या मारल्यात तिथे सह्या कर फक्त. मी तिला पहिलं विचारलं की बाबांचं एकूण काय काय होतं, तर तिला फ्लॅट सोडून काहीच माहीत नव्हतं. मग सोडतेयस काय नक्की? ती गप्प बसली आणि मग रडायलाच लागली, म्हणाली ताई मला पैसे नकोत हो, पण विचारलं तरी मी हावरट ठरते.

त्या दिवशी मी कायदा बाजूलाच ठेवला. बाबांचं दुःख करायला तिला वेळच मिळाला नव्हता, त्याआधीच ती 'बहीण' ची 'हिस्सेदार' झाली होती, आणि हे फार दुखतं. तिला एवढंच सांगितलं की आज सही करायची नाही आणि नकार पण द्यायचा नाही, दादाला म्हणायचं आधी आपण सगळे बसून यादी करू. फ्लॅट, एफडी, पासबुकं, विमा, पीएफ, लॉकर, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, सगळं एका कागदावर. यादी मागणं म्हणजे भांडण नाही. आणि हो, बाबांचं एटीएम कार्ड कुणीही वापरायचं नाही, पिन माहीत असला तरी, नंतर सगळ्यात जास्त संशय त्यावरूनच येतो.

पुढच्या वेळी दादाला पण बोलावलं. मला वाटलं होतं तावातावाने येईल, पण आला तो थकलेला माणूस. दोन वर्षं बाबांचं आजारपण त्याने एकट्याने काढलं होतं, हॉस्पिटलची बिलं एका पिशवीत भरून आणली होती, शिवाय पतसंस्थेचं बाबांचं कर्ज आपल्या अंगावर येणार म्हणून रात्र रात्र झोप नव्हती. त्याचं म्हणणं सरळ होतं, सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी मीच आहे म्हणजे बाबांनी सगळं मलाच दिलंय, सही फक्त फॉर्मॅलिटी.

इथेच बहुतेक घरं चुकतात. नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते आणि मोकळी होते, पण ते पैसे त्याने वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात. महाराष्ट्रात तर 2019 च्या सहकार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सोसायटी नॉमिनीला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, मेंबरच करते, खरा वारस ठरेपर्यंत. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. विम्याचं थोडं वेगळं आहे, 2015 च्या बदलानंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम साधारण त्यांचीच धरली जाते. कर्जाचं म्हणाल तर तो स्वतः जामीनदार नव्हता, आणि वारसावर देणं येतं ते जेवढं वारशात मिळालं तेवढ्यापुरतंच, त्याच्या पगाराला हात लागत नाही. हे ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. त्याला फ्लॅट हवा होता तो बराचसा या भीतीपोटी.

मग मी विचारलं घरात अजून कोण आहे? दोघं एकदम म्हणाले, आई. आणि? "आजी आहे ना, बाबांची आई, पण तिचा काय संबंध?"

संबंध होता! फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, मृत्युपत्र नाही, मग हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई. (मयताचे वडील यात येत नाहीत, हे ऐकून लोकांना नेहमी धक्का बसतो.) म्हणजे हिस्से तीन नाहीत, चार, आणि चौघांचे सारखे. लग्न झालेली मुलगी पण त्यात पूर्ण धरली जाते. इतर धर्मांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी हे जसंच्या तसं लावू नये. आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर हिशोब अजून वेगळा, तिथे 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच हक्क दिलाय आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही.

दादाच्या कागदात आजीचं नावच नव्हतं. मुद्दाम नाही, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पण वारस लपवला की पुढे तोच कागद अडचणीत येतो, आणि आजीनंतर तिचा हिस्सा काका आणि आत्यांकडेही गेला असता. म्हटलं आजीला विचारा, तिच्या वतीने ठरवू नका.

आजीला विचारायला मुलीनेच जावं असं ठरलं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं गं. मग स्वतःहून सांगितलं, माझं सुनेच्या नावावर करा, तिने माझं सगळं केलंय.

मुलीनेही शेवटी सही केली, पण त्या फुल्यांवर नाही. फ्लॅटमधला हिस्सा तिने आईच्या नावे सोडला, भावाच्या नाही, आणि हे तिने मला समजावून सांगितलं तेव्हा आवाज अजिबात कापत नव्हता. दादाने पण तसंच केलं. एफडीतून आधी हॉस्पिटलच्या बिलांचे पैसे दादाला आणि कर्ज फेडून उरलेले चौघांत, हे सगळ्यांच्या संमतीने लिहून घेतलं. स्थावर मिळकतीचं हक्कसोड पत्र नोंदणीकृतच लागतं, साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागत नाही, म्हणून चौघंही दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेले. मसुदा वकिलाकडून करून घेतला होता, ते काम माझं नाही आणि मी करतही नाही.

तिथे आजीचा अंगठा मशीन घेईना. कामं करून करून रेषाच पुसट झालेल्या. दादाने खिशातला रुमाल ओला करून तिचा अंगठा पुसला, बहिणीने मनगट धरलं, तिसऱ्या का चौथ्या वेळी घेतला मशीनने. हे सांगायला तिने मला बाहेर येऊन फोन केला होता, आणि मागून दादा ओरडत होता की आता पुरे, आजीला घेऊन ये, रिक्षा थांबलीये.