नौदलाच्या रूढी इंग्रजांच्या आहेत, मग त्या टाकून मराठा आरमाराच्या परंपरा का आणत नाहीत?

आपण विचारलेला हा प्रश्न खानापूर तालुक्यातील आमच्या घरात अनेक वर्षे दर दसऱ्याला निघतो, म्हणून उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. मी नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि माझे काका मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून. बेळगावात मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे आणि सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे आमच्या भागात फौज म्हणजे पायदळ, फार तर हवाई दल, आणि नौदलात गेलेला मुलगा म्हणजे ‘बोटीवर लागलेला’.

एका डिसेंबरात काका मुंबईला आले असताना मी त्यांना आमचे जहाज दाखवायला नेले. गँगवेवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जाण्याच्या फळीवरून, जहाजावर पाऊल ठेवताना प्रत्येकाने क्वार्टरडेकला, म्हणजे जहाजाच्या मागच्या बाजूला जिथे नौदलाचा ध्वज असतो त्या जागेला, मान द्यायचा असतो; गणवेशात असेल तर सलाम, साध्या वेशात असेल तर क्षणभर सावधान. मी तसे सांगताच काका फळीवरच थांबले आणि मागून येणाऱ्या लोकांसमक्ष म्हणाले, “इथं कोण साहेब दिसंना, मान कुणाला देऊ?” मग त्यांनी ध्वजाकडे बोट दाखवले आणि म्हणाले की त्यावर इंग्रजांचा लाल क्रॉस अजून आहे, त्याच्यापुढे मराठ्याने ताठ उभे राहायचे कारण काय. तेवढ्यात कोणी अधिकारी आले, म्हणून शिट्टी वाजली. बोसनची, म्हणजे जहाजाच्या डेकवरील कामे पाहणाऱ्या नाविकाची, ती शिट्टी तळहातात धरतात आणि बोटे मिटून सूर चढवतात, उघडून उतरवतात. शिडांच्या काळात वाऱ्यात माणसाचा आवाज पोहोचत नसे, म्हणून हुकूम या शिट्टीवर दिले जात. काकांनी तिला ‘साहेबी नाटक’ म्हटले आणि बेळगाव येईपर्यंत त्या दोन शब्दांपलीकडे ते काही बोलले नाहीत.

क्रॉसबद्दल त्यांचे म्हणणे रास्त होते, हे मी तेव्हाही मान्य केले होते. २००१ ते २००४ ही वर्षे सोडली तर तो क्रॉस स्वतंत्र भारताच्या नौदलाच्या ध्वजावर २०२२ पर्यंत राहिला. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी ‘विक्रांत’ सेवेत आली त्याच दिवशी तो गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. क्रॉस गेला तरी क्वार्टरडेकचा मान मात्र तसाच राहिला, कारण तो कोणा साहेबाला दिलेला नव्हता. माझा आग्रह एवढाच आहे की रूढी कोणी सुरू केली यापेक्षा ती आज कोणासाठी पाळली जाते हे पाहावे. काकांची रेजिमेंट १७६८ साली कंपनी सरकारनेच उभी केली, आणि यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना इटलीच्या रणांगणावरील पराक्रमासाठी मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉसही इंग्रजांचेच होते. त्या शौर्याला आमच्या गावात कोणी उसने म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग ज्या नाविकांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरील तळावर निकृष्ट अन्न आणि अपमानाच्या वागणुकीविरुद्ध संप सुरू केला आणि पुढे जहाजांवरून इंग्रजांचे झेंडे उतरवले, त्यांच्या वारसांना इंग्रजांचे नकलाकार का म्हणावे? तेही इंग्रजांच्याच कवायतीत वाढलेले होते.

मराठा आरमाराबद्दल स्पष्ट सांगतो. त्याची परंपरा नौदलापर्यंत अखंड आलेली नाही, आणि ती तुटण्यात आपलाही हात होता. १७५६ साली विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांचे आरमार इंग्रजांनी जाळले, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. काकांना हे ऐकवत नाही. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ आणि मुंबईचे ‘आंग्रे’ ही तळांची नावे नौदलाने आदराने घेतली आहेत, पण मला खरे नाते दिसते ते लढण्याच्या रीतीत. आंग्र्यांच्या हलक्या गलबतांनी गुराबांना, म्हणजे तोफा असलेल्या त्यांच्याच मोठ्या लढाऊ नौकांना, ओढत नेऊन शत्रूच्या मोठ्या जहाजांना घेरावे, ही कोकण किनाऱ्यावरची युक्ती होती. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेलेल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकाही लहानच होत्या. त्यांचा पल्ला कमी पडत असल्यामुळे काही अंतर त्यांना मोठ्या जहाजांनी ओढून नेले होते. या नौकांनी पाकिस्तानची ‘खैबर’ आणि ‘मुहाफिज’ ही जहाजे बुडवली. नौदल दिन म्हणून आपण तीच तारीख पाळतो.

आपल्या घरातील मुलगा भरतीचा विचार करत असेल तर त्याला खुशाल पाठवा, कारवारचा ‘कदंब’ तळ आपल्याला काही परका नाही. पायदळातून निवृत्त झालेले कोणी ज्येष्ठ ‘बोटीवर कशाला’ म्हणाले, तर त्यांना १७६८ सालाची आठवण नम्रपणे पण जरूर करून द्या.

हे सर्व मी नाविकाच्या बाजूने लिहिले आहे. अधिकाऱ्यांच्या वॉर्डरूममधील, म्हणजे त्यांच्या जेवणाच्या व बैठकीच्या दालनातील, रूढींची वकिली मी करत नाही. अधिकाऱ्यांनी हातात छडी बाळगण्याची पद्धत नौदलाने २०२३ मध्ये बंद केली ते योग्यच झाले, आणि तिच्यासारखे आणखी काही गेले तरी माझी हरकत नाही. शिट्टी आणि क्वार्टरडेकचा मान मात्र राहू द्यावा.