वादळ गोव्याला धडकणार नाही म्हणतात, मग मांद्र्यातलं घर सोडायचं का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: समुद्रापासून तीनेकशे मीटरवर भाड्याचं कौलारू घर, सोबत सत्तरीची आई, वादळ समुद्रातूनच उत्तरेकडे सरकणार असा अंदाज, आणि शेजारी म्हणतायत, ‘ही परशुरामाची भूमी, हांगा (इथं) काय होत नाही.’

मी तुमच्याच पेडणे तालुक्यातल्या, किनाऱ्यावरच्या केरीचा. हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. शेजारी अगदीच खोटं बोलत नाहीत. अरबी समुद्रातली बरीच वादळं आपल्याला बगल देऊन गुजरातकडे जातात, नाहीतर ओमानकडे वळतात. पण बगल देऊन जाणारंही पुरेसं असतं.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्यापासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात होतं, दुसऱ्या रात्री ते गुजरातेत उन्याजवळ जमिनीवर चढलं. गोव्याला ‘धडकलं’ नाहीच. आमच्याकडे आधी पूर्वेकडून झोत येत होते, घराच्या पाठीवर, म्हणून आम्ही निवांत पडवीत. मग वारा फिरून दक्षिणेचा झाला आणि विहिरीकडचा माड गोठ्यावर आडवा. माड पडताना काय आवाज झाला, सांगता येणार नाही. कौलं एकेक सुटून अंगणात फुटत होती, ते मात्र अजून कानात आहे. पडलेला माड कापला तेव्हा आतून भुसा निघाला, सोंड्या भुंग्याने पोखरलेला. चार दिवस वीज नव्हती, पंप बंद, कळशीला दोर बांधून पाणी काढलं.

पाणी मात्र त्या वेळी अंगणात आलं नाही. अक्षय तृतीया होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे अमावास्येचं उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ती मोठी भरती) ओसरायला लागलेलं. उलट डिसेंबर २०१७ चं ओखी वादळ शेकडो किलोमीटर लांब होतं, पण दत्तजयंतीची पौर्णिमा. त्या रात्री पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकांत पाणी घुसलं. त्यामुळे नकाशावरचं अंतर बघता तशी कालनिर्णयावरची तिथीही बघा, आणि भरती किती वाजता तेही. तुमच्याकडे तर किनाऱ्याच्या अलीकडे खाडी आहे. भरती चढलेली असताना पावसाचं पाणी बाहेर पडत नाही, ते मागच्या बाजूनं घरात येतं.

आता सोडायचं की नाही. घराबाहेर उभं राहून वर बघा. छपरावर पडेल इतक्या जवळ माड, सुरूचं झाड किंवा जुना आंबा असेल, तर मी निघेन. झाड लांब आहे, पण तिथी उधाणाची आणि खाडी जवळ, तरीही निघेन. दोन्ही नसेल तर थांबायला हरकत नाही. पाणी भरून ठेवा, फोन चार्ज करा, आईंची औषधं आठवड्याची आणून ठेवा. मात्र ‘रात्री बघू’ हे नको. इशारा नारिंगी झाला की दुपारच्या जेवणाआधी काय ते ठरवा. अंधारात, आडव्या फांद्यांच्या रस्त्यावर वयस्कर माणसाला घेऊन निघणं हे घरात बसण्यापेक्षा वाईट.

आणि निघालात तर घाट चढून पुण्याबिण्याकडे गाडी घालू नका. चोर्ला काय, आंबोली काय, अशा पावसात घाट नकोच. पेडण्यात कुणाच्या स्लॅबच्या घरी एक-दोन रात्री, बस. जाताना मेन स्विच आणि सिलिंडर बंद करा.

शेजारी हसतील. किल्ली त्यांच्याकडेच ठेवून जा. कौलं उडालीच तर ताडपत्री घालायला तेच चढणार आहेत.