दहावीला उत्क्रांती शिकवताना दशावतारापासून सुरुवात केली तर चालेल का? आणि 'माणूस माकडापासून आला का' असं मुलांनी विचारलं तर काय सांगावं?

दशावतारापासून नका करू. दशावताराशी माझं काही वाकडं नाही, घरी देवपूजा मीही करते. पण मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन ही रांग एकदा डोक्यात बसली की पोरं उत्क्रांतीला जिना समजतात आणि सगळ्यात वरच्या पायरीवर स्वतः जाऊन उभी राहतात. मग तो जिना पाडण्यात आपलं वर्ष जातं. माकड ते माणूस हा भिंतीवरचा तक्ताही त्याच वळणाचा. आमच्या शाळेत तो एका ज्येष्ठ सरांनी लावला होता आणि दशावतारही तेच सांगायचे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले.

बालभारतीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलंच प्रकरण. म्हणजे ते जूनमध्ये येतं. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, वर्गात ओल्या रेनकोटांचा वास, आणि पोरांना अजून दहावीत आल्याची जाणीवही नाही. अशा एका जूनमध्ये मी तक्ता उघडलाच नाही. विचारलं, घरी कोणी काय काय पाळलंय? म्हशी निघाल्या, कुत्री निघाली, एकाकडे शर्यतीची बैलं. शेवटच्या बाकावर मंगळवार पेठेतला एक मुलगा बसायचा, विज्ञानाच्या चाचणीत कधी पाचाच्या वर न गेलेला. तो म्हणाला, "आमच्या काकाची ढाबळ हाय मॅडम. साठ-सत्तर कबुतरं."

त्याला फळ्याजवळ बोलावलं. पुढची वीस मिनिटं तो बोलत होता. लक्का कसा असतो, गिरेबाज कसा, कुठल्या पिल्लाची जोडी कुणाशी लावायची, कुठलं पिल्लू ठेवायचं आणि कुठलं देऊन टाकायचं. मी मध्येच विचारलं, दोन वेगळ्या जातींची जोडी लावली तर? तो म्हणाला, "मग वाटूळं. नातवंडं पारव्यावर जात्यात."

मी खडू खाली ठेवला. कारण नेमकी हीच गोष्ट डार्विनने केली होती. १८५९ च्या त्याच्या पुस्तकात पहिलं प्रकरण पाळीव जनावरांचं आहे आणि त्यातही ऐसपैस जागा कबुतरांना. माणसाच्या उगमाबद्दल मात्र शेवटी जेमतेम एक वाक्य. स्वतः कबुतरं पाळायचा, लंडनच्या दोन कबूतर-मंडळांचा सभासद होता, भारतातूनही कबुतरांची कातडी मागवून घ्यायचा. अकबराच्या लवाजम्यात वीस हजारांहून कमी कबुतरं कधी नसत, हेही त्याने लिहून ठेवलंय. त्याने पांढऱ्या लक्क्यांचा काळ्या बार्ब जातीशी संकर केला, झालेल्या पिल्लांच्या पुन्हा आपसात जोड्या लावल्या, आणि एक नातवंड निघालं निळसर, पंखांवर दोन काळे पट्टे, हुबेहूब रानातला पारवा. म्हणजे एवढ्या सगळ्या नखरेल जाती त्या एका पारव्यापासून आल्या, हा त्याचा मुद्दा. मी हे भारावून सांगत होते. मुलगा म्हणाला, "त्यात काय मॅडम, पेठेत सगळ्यांस्नी म्हाईत असतंय."

दुसऱ्या दिवशी त्याने बुट्टीतून एक लक्का आणि एक साधं कबूतर आणलं. शेपटीची पिसं मोजायला लावली. साध्याची बारा, लक्क्याची एकतीस. दोन गटांची मोजणी जुळेना म्हणून भांडण झालं, पुन्हा मोजली. याला मी विज्ञानाचा तास म्हणते. सरांनी दारातून बघितलं आणि मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, दशावतार सांगितला असता तर पाच मिनिटांत आटोपलं असतं, बोर्डाला कबूतर येत नाही. संध्याकाळी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. मी दोन पानं लिहिली. दीड पान डार्विनवर होतं, ते कुणी वाचलं नसावं.

सर, तुम्ही कधी हे वाचलंत तर सांगते: पाच मिनिटांत आटोपतं तेच तर दुखणं आहे. पोरं 'नैसर्गिक निवड' ची व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि जिराफाची मान का लांब झाली विचारलं की सांगतात, ताणून ताणून, म्हणजे डार्विनच्या आधीच्या लामार्कचं चुकलेलं उत्तर. बोर्डात उत्तीर्ण, डार्विनच्या वर्गात नापास.

आता माकडाचं. सरळ सांगा, माकड आपला आजा नाही, चुलत घराण्यातलं आहे. चिंपांझी आणि आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटली. एवढ्यावर बहुतेक वर्ग गप्प होतो. २०१८ मध्ये एका केंद्रीय मंत्र्यांनी 'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही' म्हणून डार्विनला चूक ठरवलं होतं, त्यामुळे एखादा पालक तेच वाक्य घेऊन येईल. वाद घालू नका, त्यांच्या खापरपणज्यालाही त्यांनी पाहिलेलं नाही एवढं हसत म्हणा. (मी म्हटलं होतं. ते हसले नाहीत.)

कबुतरांनी सगळं भागतं असं मात्र नाही. तिथे निवड माणूस करतो, रानात कुणी करत नाही, आणि हा फरक मी त्या वर्षी नीट सांगितला नाही. एका मुलीने बरोबर पकडलं: "पण मॅडम, इतकं करून कबूतर कबूतरच राहिलं की." मी गडबडले. खरं उत्तर काळाचं आहे, कबुतरं पाळून माणसाला फार तर काही हजार वर्षं झाली. पुढच्या वर्षीपासून आधी पन्हाळ्याच्या काळ्या दगडाबद्दल बोलते, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेवढा काळ पोरांच्या डोक्यात मावतो का, म्हणाल तर माझ्याही नाही मावत.

तुमच्याकडे ढाबळवाला मुलगा नसेल तर म्हैस चालेल, कुत्रा चालेल. कबूतरच आणलंत तर खाली रद्दी अंथरा. माझ्या खुलाशात फरशीचाही मुद्दा होता.