वाचक विचारतात: टेबलावर दूधसागर कसा उभा करायचा?

गेल्या अंकात घरच्या मॉडेल रेल्वेच्या रुळांबद्दल लिहिलं, तेव्हापासून बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे येतायत. गाडी धावते, पण उघड्या प्लायवुडवर धावते, आजूबाजूला डोंगर-झाडं कशी करायची? त्यातले चार प्रश्न यावेळी घेतलेत.

प्रश्न (फोंडा): सहा बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ मापाचा ट्रॅक टाकलाय. मुलीला त्यावर दूधसागर हवाय, धबधब्यासमोरच्या पुलावरून गाडी जायला हवी म्हणते. थर्माकोल आणून ठेवलाय. किती उंच करू आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी उंचीचा हिशेब करू. दूधसागर साधारण ३१० मीटर आणि एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं माप, तर मापात केला तर साडेतीन मीटरचा होईल, फ्लॅटचं छत फोडून वर जाईल. त्यामुळे माप सोडायचं आणि धबधबा डोळ्याला कसा दिसतो ते धरायचं. घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनाहून वर जाताना गाडीच्या खिडकीतून तो एकदम पूर्ण दिसत नाही, खालचा टप्पा दिसतो, मधे झाडी, मग वरचा पांढरा पट्टा धुक्यात गेलेला. तेवढंच करा. ६०-७० सेंटीमीटरचा डोंगर, वरचा टप्पा खालच्यापेक्षा अरुंद, आणि मागच्या पडद्यावर करडं आभाळ रंगवा, शिखर त्यात विरघळलं की उंची आपोआप वाटते. आपल्याकडच्या नाटकांचे जुने रंगवलेले पडदे आठवा, चार हातांच्या स्टेजवर अख्खं अरण्य उभं करायचे, तीच ही युक्ती.

डोंगराला हात लावायच्या आधी एक काम मात्र कराच. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा घ्या, आपल्या एलएचबी डब्याचं, म्हणजे हल्लीच्या लांब प्रवासी डब्याचं, मॉडेल असेल तर ते २७ सेंटीमीटरच्या आसपास असतं, त्याच्या मधोमध आणि टोकाला पेन्सिल चिकटवा आणि तो हळूहळू वळणावरून ढकला. डब्याचं पोट आत येतं, टोक बाहेर जातं आणि पेन्सिल प्लायवर रेघ ओढत जाते. त्या दोन रेघांच्या मधे दगड नको, झाड नको, बोगद्याची भिंतही नको. सुंदर बोगदा झाल्यावर डबा त्यात अडकला की सगळं फोडावं लागतं, म्हणून हे आधी. आणि बोगद्याला मागून हात आत जाईल एवढं भोक ठेवा, गाडी कधी ना कधी आत घसरतेच.

आता डोंगर. दिवाळीच्या आधी वाड्यावरची पोरं नरकासुराचा पुतळा करतात तो बघितलाय ना, तसाच. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची सैल जाळी विणून ती थर्माकोलच्या तुकड्यांवर बसवायची, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि त्यावर पीओपीत (प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये) बुडवलेलं बँडेज. फरक एवढाच की नरकासुराला खळ चालते कारण तो एका रात्रीचा असतो, इथे खळ वापरली तर मुंग्या आणि झुरळं येणार, म्हणून पाणी घातलेलं फेविकॉल. पीओपी घावनाच्या पिठाइतकं पातळ ठेवा आणि एकावेळी वाटीभरच कालवा, दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. थर्माकोलला सॉल्व्हंटवाला गोंद किंवा स्प्रे पेंट लावू नका, तो विरघळून जातो.

पाणी करायला पारदर्शक सिलिकॉन सीलंट आणा, बाथरूमच्या फटी भरायला मिळतं तेच. जाड प्लास्टिकच्या शीटवर वरून खाली धारा ओढायच्या, एकमेकींना चिकटून, मग टूथपिकनं वरून खाली ओरखडे काढायचे, मधे मधे भोकं पडली तर पडू देत, खऱ्या पाण्यातही मागचा काळा दगड दिसतोच. दिवसभर वाळलं की अख्खा पडदा सोलून निघतो, वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो म्हणून खिडकी उघडी ठेवा. मग जवळजवळ कोरडा ब्रश पांढऱ्या अ‍ॅक्रेलिकमध्ये टेकवून फक्त उंचवट्यांवर फिरवायचा. अख्खा पांढरा रंगवला की तो लोंबणारा कपडा वाटतो. ही एक गोष्ट सावकाश करा, मुलीला टूथपिक द्या, तिला जमेल.

आणि हो, इथला मार्ग १८८८ मध्ये सुरू झाला तेव्हा मीटरगेज होता, ब्रॉडगेज १९९० च्या दशकात झाला. जुना काळ दाखवायचा असेल तर वाफेचं इंजिन ठेवा, आजचा दाखवायचा असेल तर गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन लावा, घाटात चढाला ते लागतंच.

प्रश्न (डिचोली): ऑनलाइन मागवलेली गवताची पावडर आणि माती घातली, पण आमचं लेआउट (रुळांभोवतीचा देखावा) गोव्यासारखं दिसतच नाही. काय चुकलं?

उत्तर: चुकलं काही नाही, ती पावडर युरोपातल्या कुरणांच्या रंगाची असते, पिवळट हिरवी, आणि माती तपकिरी. आपली जमीन जांभ्याची, लाल. तुम्ही डिचोलीत राहता, दारातली माती घ्या हो! पण जशीच्या तशी नको. आधी उन्हात दोन-तीन दिवस किंवा कढईत मंद आचेवर कोरडी करा, म्हणजे किडे-बुरशी जाईल, मग मैद्याच्या चाळणीनं चाळा, आणि मग महत्त्वाचं, कागदावर पातळ पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आपल्या लाल मातीत लोह भरपूर, दोनदा फिरवलंत की पिशवीच्या तळाला काळे बारीक केस उभे राहिल्यासारखे कण दिसतील. ते कण रुळांवर राहिले तर इंजिनच्या मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि गियर खराब होतात. माझं एक इंजिन असंच गेलंय, तेव्हापासून चुंबक फिरवल्याशिवाय मी चिमूटभर मातीही टाकत नाही.

चिकटवायला एक भाग फेविकॉल, दोन-तीन भाग पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, नाहीतर पाणी मातीवर गोळे होऊन बसतं. आधी माती साध्या पाण्याच्या फवाऱ्यानं ओली करा, मग ड्रॉपरनं गोंद सोडा. रुळांच्या सांध्यावर, जिथे गाडी रूळ बदलते तिथे, गोंद अजिबात जाऊ देऊ नका.

झाडांचंही तसंच. १८ मीटरचा माड एचओमध्ये २० सेंटीमीटरचा होतो, म्हणजे वीतभर, आणि लोक बोटाएवढे माड लावतात. तांब्याच्या तारा पिळून खोड करा, थोडं वाकडं, सरळ माड विरळाच, आणि झावळ्या कागदाच्या, मधे दुमडून दोन्ही कडांना कात्रीनं बारीक चिरा पाडलेल्या. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, करायची असेल तर पोफळी त्याहून बारीक, सरळ, दाटीवाटीनं. शेताच्या बांधाला चिऱ्यांचा गडगा घाला, लाल पुठ्ठ्याचे तुकडे कापून होतो, पावसाळा दाखवायचा असेल तर त्यावर शेवाळाची काळसर हिरवी छटा. नाताळच्या क्रिबसाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) डिसेंबरात बाजारात छोटी घरं येतात, त्यातली कौलारू बघून ठेवा. माप मात्र तपासा, एचओचा माणूस फक्त १९ मिलिमीटरचा असतो, दार त्याहून थोडंच मोठं हवं.

प्रश्न (वास्को): रेझिन ओतून खाडी केली, ती दुधाळ झाली. रेझिन खराब होतं का?

उत्तर: जुलैत केलीत का? इपॉक्सी रेझिनला हवेतला दमटपणा चालत नाही, वर पांढरट थर येतो. डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या दिवशी ओता, आणि एकदम नाही, तीन-चार मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर पूर्ण घट्ट झाल्यावर पुढचा. खाली प्लायला आधी दोन हात रंग द्या, नाहीतर लाकडातून बुडबुडे येतात. झालेली खाडी फोडू नका, वरून बारीक सॅंडपेपर मारा, ग्लॉस वार्निश लावा, आपल्या खाडीचं पाणी पावसात गढूळच असतं, त्या रंगाचा पातळ थर दिलात तर ती वाईट दिसणार नाही.

प्रश्न (काणकोण): पावसाळ्यात झाडांना बुरशी येते. भुसा रंगवून वापरलाय.

उत्तर: भुसा हेच कारण. त्याऐवजी फोमचा चुरा वापरा, जुन्या गादीतला स्पंज मिक्सरमध्ये थोड्या पाण्याबरोबर फिरवून रंगवता येतो, मिक्सर मात्र वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा नको. जे आहे त्याला बुरशी ब्रशनं झाडून, मास्क लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा, पंख्याखाली वाळवा. लेआउट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा ठेवा, आणि पावसात वरून प्लास्टिक झाकत असाल तर काढा, त्यानं ओल आत कोंडते. जुनी सुती चादर घाला.